चौथं वर्ष कुणाच्या हाताखाली?

गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की या सदराची टपाल वाढते. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली सगळे नातेवाईक जमतात आणि पदवीच्या शेवटाकडे आलेल्या पोरांना सल्ले द्यायला तेवढं निमित्त पुरतं. यंदा बरीचशी पत्रं विज्ञान शाखेच्या चौथ्या वर्षाबद्दल आहेत. त्यातली काही इथे घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : सर, नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातला. काजूची बागायत आहे, रस्त्याकडेला लहानसं दुकान आहे. मुलगी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. आजवर ८१ टक्के पडलेत. ती म्हणते, चौथं वर्ष ऑनर्स विथ रिसर्च करणार. माझा मेव्हणा म्हणतो, वर्ष फुकट जाईल, त्यापेक्षा तीन वर्षांवर थांबून एमएस्सी किंवा बीएड करावं. मला यातलं काही कळत नाही. रिसर्च म्हणजे ती वर्षभर नेमकं करणार काय, आणि पुढे पोटापाण्याचं काय? — एक पालक, सत्तरी

उत्तर : तुमच्या मेव्हण्यांचा हिशेब आधी तपासू. जुनी वाट तीन वर्षं बीएस्सी आणि दोन वर्षं एमएस्सी, एकूण पाच. नवी वाट चार वर्षं ऑनर्स आणि वर्षाचं एमएस्सी, पुन्हा पाचच. म्हणजे वर्ष फुकट जात नाही. पण यात एक मेख आहे. एका वर्षाचं एमएस्सी सगळीकडे मिळत नाही. आयआयटींमधले एमएस्सी बहुतेक दोन वर्षांचेच आहेत. मुलीच्या मनात तिकडे जायचं असेल तर चार अधिक दोन, सहा वर्षं होतील. तेव्हा पहिला प्रश्न तिला विचारा, चौथ्या वर्षानंतर कुठे? नुसतं ‘बघू’ असं उत्तर आलं तर दसऱ्यापर्यंत मुदत द्या. आयआयटीच्या एमएस्सी प्रवेशासाठी असलेल्या ‘जॅम’ परीक्षेचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचे असतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. त्या परीक्षेचा अभ्यासक्रम बीएस्सीचाच आहे. तिनं ती एकदा दिली तर बिघडत काहीच नाही, आणि स्वतःचं पाणी जोखता येतं.

बीएडची घाई तर मुळीच नको. आपल्याकडे हायर सेकंडरीला शिकवायचं तर एमएस्सी आणि बीएड दोन्ही लागतात. बीएड कुठे पळून जात नाही. पंचविशीत केलेलं बीएडही चालतं.

आता नियमांचं. गोव्यात नवं शैक्षणिक धोरण पदवीला २०२३-२४ पासून लागू झालं. तीन वर्षांचे १२० क्रेडिट, चार वर्षांचे १६०. चौथ्या वर्षी ‘विथ रिसर्च’ घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तुमच्या मुलीचे ८१ आहेत, पण सहावं सत्र अजून व्हायचं आहे. परीक्षा काजूच्या ऐन हंगामात येते. तेव्हा बोंडू गोळा करायला तिला हाक मारू नका, एवढी मात्र माझी विनंती आहे. ज्यांचे ७५ होत नाहीत त्यांनाही ऑनर्स मिळतं, फक्त प्रबंधाऐवजी तीन जास्तीचे विषय घ्यावे लागतात. त्यात कमीपणा काही नाही. एखाद्या मुलाला शिकवण्यात रस असेल तर त्याला ते तीन विषयच जास्त कामाचे.

रिसर्चचा प्रबंध १२ क्रेडिटांचा. प्रयोगशाळेतल्या कामाला एका क्रेडिटमागे साधारण ३० तास धरतात, म्हणजे साडेतीनशेच्या वर तास. तुम्ही विचारलंत ती करणार काय, तर एक उदाहरण देतो. समजा तिला एक विशिष्ट ऑक्साइड बनवून त्याचे चुंबकीय गुण तपासायचे आहेत. दोन-तीन पावडरी चार दशांश स्थळांपर्यंत वजन करून घ्यायच्या. अ‍ॅगेटच्या दगडी खलात घोटायच्या. मिनिटभर नव्हे, हात भरून येईपर्यंत. गोळी दाबायची, भट्टीत हजार-बाराशे अंशांवर रात्रभर ठेवायची, सकाळी काढायची, पुन्हा घोटायची, पुन्हा भट्टी. मग एक्स-रे विवर्तनाला, म्हणजे एक्स-रे टाकून आतली रचना तपासायला, द्यायची. आलेखावर जी शिखरं हवीत ती दिसली तर ठीक. त्यांच्या शेजारी एक बारीकसं नको ते शिखर उगवलं तर पदार्थात भेसळ राहिली, आणि सगळं पहिल्यापासून. हे दोन-तीनदा होतं. तिसऱ्या खेपेला जो विद्यार्थी कंटाळून न जाता ‘तापमान वाढवू की वेळ?’ असं विचारतो, त्याला संशोधन जमणार असं समजावं. बीएस्सीच्या तीन वर्षांत हे कळायला वावच नसतो. तिथल्या प्रयोगाचं उत्तर जर्नलच्या शेवटच्या पानावर आधीच लिहिलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की चौथं वर्ष घ्यायचं की नाही, हा प्रश्न तुम्ही उलट्या बाजूनं धरला आहे. ते कुणाच्या हाताखाली घ्यायचं हे आधी ठरू द्या. गाईड चांगला असेल तर हे वर्ष सोन्याचं, नाहीतर छापील माहिती उतरवून काढलेली साठ पानं आणि वर स्पायरल बाइंडिंग. मुलीला सांगा, कॉलेजातल्या शिक्षकांना जाऊन भेट. मागची दोन-तीन वर्षं ते कशावर काम करताहेत विचार. त्यांच्याकडे पीएचडीचे विद्यार्थी आहेत का ते बघ. असतील तर त्यांच्याशी कॅन्टीनमध्ये बोल, खरी माहिती तिथेच मिळते. आणि लागणारं यंत्र कुठे आहे, ते चालू आहे का आणि त्यावर आपला नंबर कधी लागतो, हे विचारायला लाजू नकोस. एका कॉलेजात मी एक महागडा स्पेक्ट्रोमीटर पाहिला. कोरं करकरीत कव्हर, वर हळदकुंकू. दसऱ्याची पूजा होऊन वर्ष लोटलं होतं, यंत्र सुरू झालं नव्हतं.

कॉलेजात सोय नसेल तर बाहेर आहे. दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. वास्कोच्या हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. ताळगाव पठारावर विद्यापीठाचे विभाग आहेत. अशा ठिकाणी प्रबंधासाठी विद्यार्थी घेतात, पण कॉलेजचं पत्र आणि वेळेत केलेली विचारणा लागते. समुद्र, बर्फ, हवामान यांत भौतिकीच भरलेली आहे. ‘हे तर बायॉलॉजीवाल्यांचं’ म्हणून ती नाक मुरडत असेल तर समजावा. शिवाय तीन विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी फेलोशिप असते. दोन महिने देशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत काम आणि वर विद्यावेतन. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी तिच्यासाठी अर्ज करायलाच हवा. चौथ्या वर्षाचा निर्णय घेण्याआधी तिथे दोन महिने काढले तर आपोआप समजतं, हे आपलं काम आहे की नाही.

पोटापाण्याचं विचारलंत. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असले तर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला बसता येतं आणि थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, वर घरभाडं. मात्र ती मिळवणारे थोडे असतात, हेही मेव्हण्यांना खुशाल सांगा. त्यांचं तेवढं तरी खरं ठरू दे.

प्रश्न : सर, मी पेडण्याचा. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, पाचवीपासून इंग्रजी. बारावीपर्यंत काही अडलं नाही. आता क्वांटम मेकॅनिक्सचं पुस्तक वाचतो तेव्हा समजल्यासारखं वाटतं, पण गणित सोडवायला बसलो की कोरा. वर्गात कॉन्व्हेंटची मुलं भराभर बोलतात. माझं इंग्रजी कच्चं म्हणून असं होतं का? — एक विद्यार्थी

उत्तर : नाही. ती भराभर बोलणारी मुलंही गणिताला कोरीच असतात, फक्त ती कोरं असणं इंग्रजीत बोलून दाखवतात. तुझी अडचण तुझ्या वाचण्याच्या वेगात आहे. बसमध्ये कादंबरी वाचावी तसा तू पानं उलटतोस. या विषयात तासाला अर्धं पान हा चांगला वेग आहे. ‘असे दाखवता येते’ असं जिथे छापलेलं असतं तिथे पुस्तक मिटायचं आणि आपण दाखवायचं. दोन ओळींच्या मधल्या ज्या सहा ओळी लेखकानं गिळल्या आहेत त्या तुझ्या वहीत आल्या पाहिजेत.

नमुना म्हणून पर्टर्बेशन घे, म्हणजे थोडासा बदल केला तर ऊर्जा किती बदलते ते. पेटीतला कण तुला येतो. आता पेटीच्या डाव्या अर्ध्या भागाचा तळ, म्हणजे तिथली स्थितिज ऊर्जा, थोडासा उचलला. ऊर्जेतली पहिल्या क्रमाची सुधारणा किती? सूत्रात घालून इंटिग्रल करशील तर उत्तर येईल, उचललेल्या उंचीच्या निम्मी. पहिली ऊर्जापातळी असो की सतरावी, प्रत्येकीला निम्मीच. इथे नव्वद टक्के मुलं उत्तराला चौकट मारून पुढे जातात. तू थांब. सगळ्या पातळ्यांना सारखीच का? वेव्ह फंक्शनचा वर्ग, म्हणजे कण कुठे सापडण्याची शक्यता किती ते, कागदावर काढ. पहिल्या पातळीला एक टेकडी, दुसऱ्या पातळीला दोन, तिसरीला तीन. पण प्रत्येक चित्र मधोमध दुमडलं तर दोन्ही अर्धी एकमेकांवर तंतोतंत बसतात. म्हणजे कण डाव्या अर्ध्यात सापडण्याची शक्यता नेहमीच निम्मी. इंटिग्रल न करताच उत्तर मिळालं.

आता सगळा तळ उचल. सुधारणा पूर्ण उंचीएवढी आली पाहिजे, कारण तू फक्त शून्य कुठे धरायचं ते बदललंस. येते का ते बघ. मग पेटीच्या बरोबर मध्यावर एकच अगदी अरुंद उंचवटा ठेव. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या पातळीला तो जाणवतच नाही, कारण त्यांचं वेव्ह फंक्शन मध्यावर शून्य आहे. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या पातळीला मात्र तो पूर्ण लागतो. हे तीन प्रश्न पुस्तकात नसतील तरी तुझे तू विचारायचे. परीक्षेत उंचवटा मध्याऐवजी एक-तृतीयांशावर ठेवून देतात तेव्हा पाठांतरवाला गडबडतो. तुला तिसरी पातळी सुटणार हे चित्रातच दिसेल.

मनातली बडबड मराठीत चालू दे, वहीत मराठीत लिही, शेवटची मांडणी तेवढी इंग्रजीत कर. आणि एखाद्या मित्राला फळ्यावर समजावून सांग. पेडणे-म्हापसा बसमध्ये फळा नसतो हे मला माहीत आहे. कॉलेज सुटल्यावर रिकामा वर्ग धरा. शिपाई ओरडला तर माझं नाव सांगू नका.

प्रश्न : माझं मेजर, म्हणजे मुख्य विषय, गणित आहे. मायनर, म्हणजे दुय्यम विषय, प्राणिशास्त्र घ्यायचा विचार आहे. सगळे हसतात. — एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : त्यांना दामोदर धर्मानंद कोसंबी सांग. जन्म १९०७, आपल्याच गोव्यात. पेशानं गणिती. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९४४ साली त्यांनी जनुकशास्त्रातला एक लेख लिहिला. गुणसूत्रावरची दोन जनुकं किती वेळा वेगळी होतात यावरून त्यांच्यातलं अंतर काढायचं सूत्र त्यात आहे. जवळच्या जनुकांसाठी वेगळं होण्याचं प्रमाण आणि अंतर हे दोन्ही आकडे जवळपास सारखेच येतात. जनुकं लांब असली की एका ठिकाणची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला आडवी येते, तो परिणाम सूत्रात धरावा लागतो. कोसंबींनी तो धरला. पिकांचे जनुकीय नकाशे करणारे आजही संगणकावर ‘कोसंबी’ हा पर्याय निवडतात. अनेकांना तो माणूस कुठला हे ठाऊकही नसतं.

कॉलेज ही जोडी देत असेल तर खुशाल घे. सोबत संख्याशास्त्राचा निदान एक पेपर पदरात पाड, म्हणजे दोन्ही विषय नुसते शेजारी शेजारी बसून राहणार नाहीत.

प्रश्न : मुलगा तिसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासासाठी लाखभराचा लॅपटॉप मागतो. द्यावा का? — एक आई, म्हापसा

उत्तर : ताई, नको. पदवीच्या पातळीचं पायथन प्रोग्रामिंग कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतं. लाखाचं यंत्र कशासाठी हवं, हे त्याला त्याच्या प्रोजेक्टचं नाव घेऊन सांगायला लावा. जॅमची तयारी असं सांगत असेल तर त्या परीक्षेत स्वतःचा कॅलक्युलेटरसुद्धा नेता येत नाही, पडद्यावरचा वापरावा लागतो. सवय करायची तर ती करू दे. ती फुकट होते.

प्रश्न : सर, मी चौथ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय कुंभारजुवे कालव्याची क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा. पावसानंतर दर रविवारी सकाळी आठला एकाच धक्क्यावरून पाणी घेतो. क्षारता हळूहळू वाढत जायला हवी होती. मला हजारी प्रमाणात आले ते आकडे असे: १४, ९, १७, ११, २०, १३. गाईड म्हणतात, मीटर बिघडला असेल. मित्र म्हणतो, ९, ११ आणि १३ गाळून टाक, आलेख सुंदर येतो. पेन्सिलीनं तसे खोडलेतही. काय करू? — एक विद्यार्थी, फोंडा तालुका

उत्तर : आजच्या पत्रांतलं हे मला सर्वांत आवडलं. मीटर ठीक आहे की नाही हे पाच मिनिटांत कळतं. पोटॅशियम क्लोराइडचं ०.०१ मोलर द्रावण घे. २५ अंशांना त्याची वाहकता, जिच्यावरून मीटर क्षारता काढतो ती, १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर दाखवायला हवी. दाखवली तर मीटरला बोल लावायचा नाही.

आता तुझे आकडे एक सोडून एक वाच. १४, १७, २०. मग ९, ११, १३. दोन्ही मालिका वाढताहेत. बिघडलेला मीटर इतका शिस्तीत बिघडत नाही.

भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत साडेतीनशे मिनिटं, म्हणजे जवळजवळ सहा तास. आणि भरतीपासून ओहोटीपर्यंतही सहा तासच लागतात. तू दर रविवारी घड्याळ पाळलंस, पण पाण्यानं चंद्र पाळला. एका रविवारी आठला भरती, समुद्राचं खारं पाणी आत. पुढच्या रविवारी आठला ओहोटी, वरचं गोडं पाणी खाली. कालवा मांडवी आणि झुआरी या दोन्ही नद्यांना जोडलेला असल्यानं तिथे पाणी कुठून किती येतं ही गुंतागुंत आणखी वेगळी. म्हणून हा विषय मुळात चांगला आहे. तुझ्या गाईडना मी ओळखत नाही. पण समुद्रविज्ञानात काम केलेल्या कुणीही हे सहा आकडे पाहिल्यावर आधी भरतीचं वेळापत्रक मागितलं असतं. दोनापावलला एखाद्या शास्त्रज्ञांना सह-मार्गदर्शक म्हणून घेता येतं का, ते विभागात विचार.

पुढचं काम असं कर. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक मिळव आणि प्रत्येक नमुन्यासमोर त्या वेळची पातळी लिही. बंदरातली भरती आत कालव्यात पोचायला वेळ लागतो, तोही धर. मग एक दिवस काढ, शक्यतो पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा, कारण तेव्हा पाणी जास्त चढतं-उतरतं. सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत दर तासाला नमुना घे, एक वरचा आणि एक तळाजवळचा. खारं पाणी जड असतं, दोन्हींत फरक दिसेल. आपल्याकडच्या दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, तेव्हा एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नकोस. जवळपास खाजन शेतीची, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताची, मानस (पाणी सोडायचं दार) असेल तर तिच्या तोंडाशी पाणी घेऊ नकोस. ओहोटीला आतलं पाणी तिथून सुटतं आणि तुझा आकडा भलताच येतो. सोबत कुणाला तरी घे, तेरा तास एकट्यानं धक्क्यावर बसू नये. तो मित्र चालेल.

प्रबंधात एकाऐवजी दोन आलेख येतील, भरतीचा आणि ओहोटीचा, आणि त्यांच्यामधलं अंतर हाच तुझा निष्कर्ष. आणि ते ९, ११, १३ पेननं परत लिहून काढ. बाहेरचा परीक्षक तोंडी परीक्षेत वही मागतो.